कौतुक आणि मोल

मुलीच्या हातात कला असावी, असे आपल्या घरांतून सर्वांसच वाटते. तिने चैत्रांगण रेखाटावे, गौरीपुढे रांगोळी घालावी, रुखवताच्या ताटांवरून हात फिरवावा, भरतकामाचा नमुना स्वतःच्या बुद्धीने काढावा, आणि पाहुण्यांनी 'हे कोणाच्या हातचे?' असे विचारले म्हणजे वडीलधाऱ्या मंडळींनी मोठ्या अभिमानाने तिचे नाव सांगावे, हा क्रम वाचकांच्या परिचयाचा आहे. परंतु तीच मुलगी 'मला चित्रकलाच शिकावयाची आहे' असे म्हणू लागली, की अभिमान मागे पडून काळजी पुढे येते. कालपर्यंत जो गुण होता, तोच आज नाद ठरतो.

ह्याचे कारण आमच्या मते असे की, कौतुक करावयास आपणांस पदरचे काही द्यावे लागत नाही. मोल करावयाचे म्हणजे मात्र द्यावे लागते. वेळ द्यावा लागतो, जागा द्यावी लागते, पैसा द्यावा लागतो, आणि चार लोकांचे बोलणे ऐकून घेण्याची तयारी ठेवावी लागते. कौतुक व मोल यांतील हे अंतर तीन चित्रकर्त्रींच्या चरित्रांतून फार स्पष्ट दिसते. त्यांपैकी एक अमेरिकेत जन्मून पॅरिसजवळ आयुष्य काढलेली. दुसऱ्या दोघी आपल्या मुंबईच्या. त्या तिघींची हकीकत ह्या महिन्यात वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आपल्या घरचा दाखला घेऊ. संस्कृत वाङ्मयात चित्र काढणाऱ्या स्त्रिया थोड्याथोडक्या नाहीत. बाणासुराची कन्या उषा हिने स्वप्नात एक पुरुष पाहिला. तो कोण, हे तिला सांगता येईना. तेव्हा तिची सखी चित्रलेखा हिने देव, गंधर्व, मनुष्य यांच्या आकृती एकामागून एक काढून तिला दाखविल्या, आणि अनिरुद्धाची आकृती पुढे येताच उषा लाजली, अशी कथा भागवतात आहे. हर्षाच्या 'रत्नावली' नाटिकेतील सागरिका उदयन राजाचे चित्र काढते, आणि तिची मैत्रीण सुसंगता त्याच फलकावर राजाशेजारी सागरिकेला रेखाटून तिची चोरी पकडते. चौसष्ट कलांच्या यादीत आलेख्य म्हणजे चित्रकला ही गीत, वाद्य, नृत्य यांच्या पाठोपाठच सांगितली आहे. तेव्हा स्त्रीने कुंचला हाती धरू नये, असे आपल्या परंपरेचे म्हणणे नव्हते. पण ह्या नायिका चित्र काढतात ती विरहाचा वेळ घालविण्यासाठी किंवा सखीचे गुपित उकलण्यासाठी. त्या चित्राचे मोल काय, असा प्रश्न त्या कथानाटकांतून कोणीच विचारीत नाही. हा प्रश्न ज्या काळी व ज्या घरांत प्रथम विचारला गेला, तो काळ व ती घरे आता पाहू.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया संस्थानात पिट्सबर्गजवळ ॲलेघनी म्हणून गाव होते. तेथे २२ मे १८४४ रोजी मेरी कॅसॅट हिचा जन्म झाला. घर संपन्न, वडील रॉबर्ट कॅसॅट हे शेअर आणि जमिनी यांच्या व्यवहारातले गृहस्थ. पुढे कुटुंब फिलाडेल्फिया येथे आले. श्रीमंत घरच्या मुलीने थोडे चित्रकाम शिकावे, थोडे वाद्य वाजवावे, ही तिकडचीही रीत होती; म्हणून १८६० साली मेरीने फिलाडेल्फियाच्या कलाशाळेत नाव घातले, त्यास कोणाची हरकत नव्हती. हरकत आली ती तिने चित्रकला हाच आपला व्यवसाय म्हणून ठरविला तेव्हा. वडिलांस ते मुळीच रुचले नाही. तथापि मुलगी हट्टास पेटली होती, आणि आई तिच्या बाजूस होती. विशीत असतानाच ती पॅरिसला गेली.

पॅरिस ही त्या वेळी चित्रकारांची काशी. परंतु ह्या काशीतील मुख्य मंदिराचे दार स्त्रियांस बंद होते. तेथील सरकारी कलाशाळेत, म्हणजे एकोल दे बोझारमध्ये, १८९७ पर्यंत स्त्रियांस प्रवेशच मिळत नसे. खासगी शाळा स्त्रियांस घेत. पण त्यांतील नामांकित शाळेत स्त्रियांची फी पुरुषांहून जबर असे. मेरीने जेरोम नावाच्या प्रसिद्ध चित्रकाराकडे घरगुती शिकवणी धरली, आणि लूव्र संग्रहालयात परवाना काढून जुन्या थोर चित्रांच्या नकला करीत ती बसू लागली. १८६८ साली सरकारी प्रदर्शनात तिचे एक चित्र स्वीकारले गेले. वय चोवीस.

दोन वर्षांनी फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध जुंपले आणि तिला मायदेशी परतावे लागले. आमच्या विषयाच्या दृष्टीने तिच्या चरित्राचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. वडिलांनी तिला घरात ठेवून घेतले, तिचा अन्नवस्त्राचा खर्च चालविला. पण रंग, कुंचले व कापड ह्यांसाठी पैसा देण्याचे नाकारले. मुलगी म्हणून तिला सर्व काही होते, चित्रकार म्हणून काही नव्हते! चित्रे विकावी म्हणून तिने ती शिकागो येथे नेली, तर १८७१ च्या प्रचंड आगीत तीही नष्ट झाली. दुसरी कोणी असती तर येथेच कुंचला खाली ठेवती. पण त्याच सुमारास पिट्सबर्गच्या बिशपने कोरेज्जो ह्या जुन्या इटालियन चित्रकाराच्या दोन चित्रांच्या नकला करून आणण्याचे काम तिला दिले, आणि त्या कामाच्या पैशावर ती पुन्हा युरोपात गेली. हे तिच्या कलेचे कौतुक नव्हे, मोल होते. ती पार्मा येथे गेली, स्पेनमध्ये राहिली, आणि १८७४ पासून पॅरिसला कायमची स्थायिक झाली.

पुढे १८७७ मध्ये वृद्ध आईबाप आणि थोरली बहीण लिडिया ही सर्व मंडळी तिच्याजवळ पॅरिसला राहावयास आली. आपल्याकडील वाचकांस हे विशेष वाटावे. परदेशी एकटी राहणारी, स्वतंत्र वृत्तीची म्हणून जिची ख्याती, ती अमेरिकन बाई वस्तुतः एका भरल्या घरात राहून चित्रे काढीत होती. आजाऱ्यांची शुश्रूषा, पाहुण्यांची ऊठबस, भावाची मुले आली म्हणजे त्यांचे लाड, ही सारी कामे तिला होतीच. लिडिया मूत्रपिंडाच्या विकाराने दीर्घकाळ आजारी होती. ती १८८२ च्या नोव्हेंबरात वारली. त्या दुखण्यात आणि त्यानंतर बराच काळ कॅसॅटबाईंचे काम थंडावले. हा अनुभव आपल्या घरांतील किती स्त्रियांचा असेल, हे सांगावयास नको.

घर एकत्र झाल्यावर वडिलांनी एक अट घातली. चित्रशाळेचे भाडे, रंगसामान, नमुना म्हणून बसणाऱ्यांची मजुरी, हा सर्व खर्च चित्रशाळेनेच भागविला पाहिजे. घरखर्चातून त्यास काही मिळणार नाही. वरवर पाहता ही अट कठोर वाटते, आणि बाईंसही ती जाचली. विकण्यापुरती हलकी चित्रे काढावी लागतील की काय, अशी धास्ती त्यांना पडली. परंतु थोडा विचार केला तर त्या अटीत एक कबुलीही दडलेली दिसते. ज्याचा हिशेब वेगळा मांडावयाचा, तो धंदा होय. तो फावल्या वेळचा नाद नव्हे. ज्या बापाने आरंभी कन्येच्या व्यवसायास नकार दिला, त्यानेच नकळत त्यास स्वतंत्र खाते उघडून दिले.

ह्याच सुमारास सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांशी त्यांचे बिनसले. एका वर्षी नाकारलेले चित्र, त्याची पार्श्वभूमी गडद करून पाठविताच दुसऱ्या वर्षी स्वीकारण्यात आले, तेव्हा ह्या परीक्षेचा अर्थ त्या उमजल्या. १८७७ साली एदगार देगा ह्या चित्रकाराने त्यांना आपल्या मंडळीत बोलाविले. ही मंडळी म्हणजे ज्यांस आपल्याकडे दृक्प्रत्ययवादी म्हणतात ते चित्रकार. हे लोक उघड्या उजेडात दिसणारे रंग जसेच्या तसे पकडू पाहत, आणि सरकारी परीक्षकांपुढे न जाता आपली प्रदर्शने आपणच भरवीत. त्यांच्या १८७९, १८८०, १८८१ व १८८६ ह्या चार प्रदर्शनांत कॅसॅटबाईंची चित्रे होती, आणि त्या मंडळीतील त्या एकट्याच अमेरिकन. पहिल्या प्रदर्शनात वाट्यास आलेल्या नफ्यातून त्यांनी देगा व मोने ह्यांचे एकेक चित्र विकत घेतले. स्वतःच्या कामाचे मोल ज्यास कळले, तो दुसऱ्याच्या कामाचे मोल करावयास कसा शिकतो, ह्याचे हे सुंदर उदाहरण होय.

आता त्यांच्या चित्रांविषयी. त्या काळचे पुरुष चित्रकार कॅफेत बसत, नाटकगृहाच्या पडद्याआड जात, रात्री रस्त्यावर हिंडत, आणि तेथील देखावे रंगवीत. कुलीन स्त्रीस ह्यांतील बरेचसे मार्ग बंद होते. तेव्हा कॅसॅटबाईंनी जे आपणांस रोज दिसते तेच घेतले. आई वर्तमानपत्र वाचीत बसली आहे. लिडिया बागेत विणकाम करीत आहे. एक लहान मुलगी निळ्या खुर्चीत कंटाळून अस्ताव्यस्त पसरली आहे. चहाचे पेले मांडले आहेत. १८९० साली पॅरिसमध्ये जपानी ठशांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. त्यांतील स्त्रिया केस विंचरीत आहेत, मुलांस न्हाऊ घालीत आहेत, हे पाहून त्यांच्या मनाने उचल खाल्ली, आणि पुढील वर्षी त्यांनी दहा रंगीत ठशांची एक मालिका केली. तांब्याच्या पत्र्यावर कोरून, रंग हाताने लावून, छापखान्याच्या कामगाराबरोबर स्वतः उभे राहून त्यांनी ती छापून घेतली.

त्यांचे १८९३ चे एक चित्र शिकागोच्या कलासंग्रहालयात आहे. पट्ट्यापट्ट्यांचा झगा घातलेली एक स्त्री मांडीवर मूल घेऊन बसली आहे. खाली पाण्याचे भांडे, शेजारी झारी. एका हाताने तिने मुलाची कंबर आवळून धरली आहे, दुसऱ्या हाताने ती त्याचा पाय पाण्यात धूत आहे, आणि दोघांच्याही माना खाली वाकून दृष्टी त्या पाण्यावर लागली आहे. इतकेच चित्र. त्यात देवता नाही, युद्ध नाही, राजवाडा नाही. आपल्याकडे पाय लांब पसरून, पायांवर तान्हे मूल घेऊन, तेल चोळून त्यास न्हाऊ घालणारी आजी वाचकांनी पाहिली नाही असे होणार नाही. ते बसणे, मुलाचे डोके हाताच्या पंजात धरण्याची ती खुबी, पाण्याचा तो अंदाज, हा सारा चित्राचा विषय आहे. पण तो रोजचा म्हणून आपणांस दिसत नाही. कॅसॅटबाईंची थोरवी ही की, रोज दिसणारी गोष्ट त्यांनी थोर विषयाच्या पंगतीस नेऊन बसविली, आणि जगाने ती तेथे बसू दिली.

येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. १८८६ च्या मार्चमध्ये आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून एम. डी. झाल्या, आणि त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. त्याच वर्षी त्याच फिलाडेल्फियात वाढलेल्या कॅसॅटबाई पॅरिसमध्ये दृक्प्रत्ययवाद्यांच्या शेवटच्या प्रदर्शनात आपली चित्रे मांडीत होत्या. एक विद्येसाठी समुद्र ओलांडून त्या गावी आली, दुसरी कलेसाठी समुद्र ओलांडून त्या गावाहून गेली. विद्येची भूक घराच्या उंबऱ्याशीच थांबत नाही, आणि तिला पूर्वपश्चिम हा भेद ठाऊक नाही.

दुसरा योगायोग १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाचा. ज्या वर्षी स्वामी विवेकानंदांनी तेथील सर्वधर्मपरिषद गाजविली, त्याच वर्षी राजा रविवर्मा यांनी भारतातील निरनिराळ्या प्रांतांच्या स्त्रियांची दहा चित्रे तेथे पाठवून बक्षिसे मिळविली. आणि त्याच प्रदर्शनात स्त्रियांसाठी म्हणून जी वेगळी इमारत सोफिया हेडन ह्या स्त्री-वास्तुशिल्पज्ञेने उभारली होती, तिच्यात कॅसॅटबाईंनी पन्नास फुटांहून लांब असे भित्तिचित्र रंगविले होते. त्याच्या मध्यभागी बागेत काही तरुण स्त्रिया ज्ञानवृक्षाची फळे तोडून धाकट्या मुलींच्या हाती देत आहेत, असा देखावा होता. प्रदर्शन संपले, इमारत पाडली, आणि ते भित्तिचित्र कोठे गेले ह्याचा पत्ता लागला नाही. पुढे १९०४ मध्ये फ्रेंच सरकारने 'लेजिअन ऑफ ऑनर' हा बहुमान देऊन कॅसॅटबाईंचा गौरव केला. अखेरीस दृष्टी गेली, १९१४ च्या सुमारास कुंचला सुटला, आणि १४ जून १९२६ रोजी पॅरिसबाहेरील आपल्या घरी त्या निवर्तल्या. त्यांनी विवाह केला नाही. ज्या भावाच्या घरी आरंभी त्यांच्या ह्या नव्या चित्रांचे नवल वाटले असेल, त्या अलेक्झांडर कॅसॅट ह्या रेल्वेकंपनीच्या धनिकाने बहिणीच्याच सल्ल्याने फ्रेंच चित्रे विकत घेऊन अमेरिकेस नेली.

आता आपल्या मुंबईकडे वळू. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईची कलाशाळा सुरू झाली, आणि १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी ही संस्था निघाली. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर हे १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून त्या शाळेत आले. १८९५ मध्ये त्यांना सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुढे तेथेच शिक्षक होऊन ते १९३० साली शाळेचे हंगामी संचालक झाले. त्या जागेवर बसलेले ते पहिले भारतीय. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचे आत्मवृत्त १९४० साली निघाले. त्याच शाळेत गोव्याचे अंतोनियो झेवियर त्रिंदाद हेही शिक्षक होते, आणि व्यक्तिचित्रणात त्यांचा हात धरणारे थोडे होते. हे दोघे थोर चित्रकार होतेच. पण आमच्या विषयाला महत्त्वाचे हे की, दोघांच्याही घरी मुली होत्या, आणि दोघांनीही आपल्या मुलींच्या हाती कुंचला दिला.

अँजेला त्रिंदाद ह्यांचा जन्म १९०९ चा. बापाच्या हाताखाली आणि मुंबईच्या कलाशाळेत त्या शिकल्या. ख्रिस्ती धर्मकथा त्यांनी भारतीय पद्धतीने रंगविल्या. त्यांची मेरी साडी नेसलेली आहे, आणि तिच्या मांडीवरील बाळ आपल्याकडच्या कोणा घरातील वाटते. पुढे त्या परदेशी गेल्या आणि अमेरिकेतही त्यांनी काम केले. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले. बाप व लेक दोघांचीही चित्रे आज पणजीस फुंदासांव ओरिएंत ह्या संस्थेत एकत्र पाहावयास मिळतात. वाचकांपैकी कोणी गोव्यास गेल्यास समुद्र पाहून झाल्यावर तासभर ह्यासाठी अवश्य काढावा.

अंबिका धुरंधर ह्यांचा जन्म ४ जानेवारी १९१२ चा. ज्या घरी पुराणातील व इतिहासातील प्रसंग रोज नव्याने कागदावर उतरत, त्या घरी त्या वाढल्या. वडिलांच्याच शाळेत शिकून १९३१ साली त्यांनी कलेची पदविका मिळविली. त्याच वर्षी वडिलांची त्या शाळेतील सेवा संपली. पौराणिक व ऐतिहासिक प्रसंग, निसर्गदृश्ये असे त्यांचे विषय. प्रदर्शनांतून त्यांची चित्रे लागली, आणि लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सचे सभासदत्व त्यांना मिळाले. १९४४ मध्ये वडील वारले. त्यानंतर सुमारे पासष्ट वर्षे अंबिकाबाई हयात होत्या. जानेवारी २००९ मध्ये, सत्त्याण्णव वर्षांचे आयुष्य पुरे होत असता, त्या गेल्या. ह्या दीर्घ काळात वडिलांनी मागे ठेवलेली चित्रे त्यांनी पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळली, आणि 'माझी स्मृतिचित्रे' ह्या आपल्या आठवणी लिहून ठेविल्या.

अंबिकाबाईंच्या भाग्यात आणि कॅसॅटबाईंच्या भाग्यात एक मोठा फरक आहे. कॅसॅटबाईंच्या बापाने रंगाचे पैसे नाकारले; अंबिकाबाईंच्या बापाने रंगांची पेटीच हाती दिली. पण ह्या सुदैवाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कॅसॅटबाईंचे नाव घेताना त्यांच्या वडिलांचे नाव कोणास आठवावे लागत नाही. अंबिकाबाईंचे नाव मात्र आजही 'रावबहादूर धुरंधरांच्या कन्या' ह्या शब्दांच्या आधारानेच पुढे येते, आणि त्यांनी जपलेली चित्रे जितकी लोकांसमोर आली, तितकी त्यांनी काढलेली आली नाहीत. ह्यात वडिलांचा काही दोष नाही. त्यांनी दार उघडले होते. दाराबाहेरचा समाज कौतुक करून थांबला. शिवाय असे की, त्या काळी आपल्या मुलींस हे दार बापाच्या घरातूनच सापडे. चित्रकाराच्या घरी न जन्मलेल्या मुलीने काय करावे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही अगदीच मिटला आहे असे आम्हांस वाटत नाही.

आमचा जन्म शिक्षकीत गेला. सरकारच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या चित्रकलेच्या परीक्षांस मुली किती हौसेने बसतात, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले. दहावीचे वर्ष आले, की तीच रंगपेटी माळ्यावर जाते. अशीच एक मुलगी आमच्या वर्गात होती. माणसाचा चेहरा ती दहा रेघांत धरी. दहावीनंतर तिची चित्रकला सुटली, लग्न झाले, आणि मोठ्या एकत्र कुटुंबात ती सून म्हणून गेली. अलीकडे एका मुंजीत मांडवाच्या दाराशी फार देखणी रांगोळी दिसली, म्हणून चौकशी केली, तो ती समोर आली. आम्ही कौतुक केले. ती हसून म्हणाली, "सर, कौतुक तर वीस वर्षे ऐकते आहे. गेल्या दिवाळीपासून मी बाहेरच्या कार्याला दर सांगू लागले." आम्ही विचारले, "घरी काय म्हणतात?" ती म्हणाली, "सासूबाईंना आधी फार अवघडल्यासारखे झाले. रांगोळीचे का कोणी पैसे घेते, म्हणाल्या. आता माझी हिशेबाची वही त्याच लिहितात, आणि कोणाकडून येणे राहिले ते मला आठवण करून देतात." हे ऐकून आम्हांस रॉबर्ट कॅसॅटची अट आठवली. ती अट पॅरिसमध्ये जाचक होती. सोलापुरात सासूबाईंनी वही हाती घेतल्यावर तीच गोष्ट आधाराची झाली.

चित्रकलेवर पोट भरत नाही, असे म्हणणाऱ्यांनी निदान सोलापुरात तरी ते म्हणू नये. ज्या चादरीने ह्या गावाचे नाव दूरवर नेले, तिच्यावरील वेलबुट्टी व मोर आधी कोणीतरी चौकटीच्या कागदावर काढतो, मग त्यावरून छिद्रांचे पुठ्ठे तयार होतात, आणि मग जॅकार्ड मागावर तो मोर विणला जातो. कागदावरचा मोर नसेल तर मागावरचा मोर कोठून येणार? संक्रांतीस श्रीसिद्धेश्वराच्या नंदीध्वजांच्या वाटेवर ज्या लांबच लांब रांगोळ्यांच्या पायघड्या पडतात, त्या काढणारे हातही ह्याच गावचे. ज्या गावात नक्षीवर हजारो चुली चालल्या, तेथे मुलीच्या चित्रकलेस नाद म्हणावयाचे हे नवल होय.

वाचकांच्या घरी अशी एखादी मुलगी किंवा सून असेल, तर फार मोठे काही करावे असे आमचे सांगणे नाही. प्रत्येक मुलगी कॅसॅटबाई होणार नाही, आणि प्रत्येक घरी धुरंधर नसतात. परंतु तीन गोष्टी कोणत्याही घरास शक्य आहेत. पहिली, माडीवर किंवा ओसरीवर तिला एक टेबल असे द्यावे की जे पाने मांडण्याच्या वेळी आवरावे लागणार नाही. अर्धे झालेले चित्र रोज उचलून ठेवावे लागले, म्हणजे ते अर्धेच राहते. दुसरी, दिवसाचा एखादा तास असा ठरवावा की त्या वेळी तिला कोणी हाक मारणार नाही, आणि चहा दुसरे कोणी करील. लिडियाच्या दुखण्यात कॅसॅटबाईंचे काम थांबले, ते योग्यच; पण आपल्याकडे दुखणे नसतानाही थांबते. तिसरी, तिने काढलेल्या चित्राच्या कोपऱ्यात तिला स्वतःचे नाव घालू द्यावे, आणि कोणी ते मागितले तर त्याची किंमत सांगावयास तिला लाजवू नये.

कौतुक आपल्या घरांत पुष्कळ आहे, आणि ते असावेच. त्याच्या शेजारी मोलाचीही एक वही राहू द्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.